चालकाचा नकार

मुंबईहून नागपुराकडे व पुढे हावड्याकडे जाणारा लोहमार्ग आणि सुरतेहून कलकत्त्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग हे दोन्ही पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या सपाटीवर जेथे एकमेकांच्या निकट येतात, आणि दक्षिणेस मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्यास जाणारी व उत्तरेस बऱ्हाणपुराकडे जाणारी अशा दोन वाटा जेथे त्यांना येऊन मिळतात, त्या मलकापूरला मालवाहतुकीचे गाव होण्यावाचून दुसरी गती नव्हती. जुन्या नकाशात सहा आणि नव्या गणनेत त्रेपन्न क्रमांक असलेल्या या महामार्गावरून वऱ्हाडचा कापूस, रुईच्या गाठी, सरकी, मका, सोयाबीन, बऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यातील केळी, समुद्राकाठच्या कारखान्यांतील पोलाद आणि इंधनाचे टँकर अहोरात्र ये-जा करीत असतात. आणि यांपैकी प्रत्येक वाहनाच्या सुकाणूमागे एक असा मनुष्य बसलेला असतो की, ज्याच्या विवेकावर आपणा सर्वांचे प्राण अवलंबून असूनही त्या विवेकाला मालकाच्या, दलालाच्या वा व्यापाऱ्याच्या लेखी सहसा काही किंमत नसते.

प्रस्तुत प्रकरणाचा विषय त्या मनुष्याचा एक विशिष्ट निर्णय हा आहे. गाडी भरून उभी आहे, बिल्टी फाटलेली आहे, माल उद्या सकाळी पोहोचला पाहिजे असा दूरध्वनी दोनदा येऊन गेला आहे, आणि अशा वेळी चालक शांतपणे सांगतो की, या वजनानिशी, या टायरांवर, किंवा अशा झोपमोडीच्या अवस्थेत मी ही गाडी हलविणार नाही. अपघात घडला म्हणजे पंचनामा होतो, जाबजबाब होतात, वर्तमानपत्रांत रकाने भरतात. पण चालकाच्या नकारामुळे टळलेल्या अपघाताची नोंद सरकारच्या किंवा मालकाच्या कोणत्याही दप्तरात होत नाही. म्हणूनच हा निर्णय समाजाला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे संरक्षण करण्याची गरजही कोणाला भासत नाही.

ही गरज किती निकडीची आहे हे याच मुलखाने पाहिले आहे. २० मे २०१९ रोजी मलकापूरनजीक याच महामार्गावर मालमोटार आणि प्रवाशांनी भरलेली लहान गाडी यांच्या अपघातात तेरा माणसे गेली. २९ जुलै २०२३ रोजी उत्तररात्री तीनच्या सुमारास मलकापूरच्याच पुलाजवळ दोन खासगी प्रवासी बसगाड्या एकमेकींवर आदळून सहा जण मृत्यू पावले. त्यांतील एक बस अमरनाथची यात्रा करून हिंगोलीकडे परतणाऱ्या भाविकांची होती. परंतु आपल्या विषयाशी अधिक जवळचे नाते आहे ते २०२१ सालच्या दोन दुर्घटनांचे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेली मालमोटार उलटली आणि मालावर बसून गावी परतणारे पंधरा मजूर चिरडले गेले. आणि २० ऑगस्ट रोजी आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातील तढेगावनजीक, समृद्धी महामार्गाच्या कामावरील लोखंडी सळया आणि त्या सळयांवर बसविलेले मजूर असे दोन्ही ओझे वाहणारे टिपर अरुंद रस्त्यावर कलंडून तेरा मजूर मरण पावले. लोखंड आणि माणसे एकाच हौद्यात घालू नयेत हे समजण्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. त्या क्षणी कोणीतरी 'नाही' म्हणायला हवे होते, आणि ते म्हणणाऱ्याच्या मागे उभे राहणारी व्यवस्था असायला हवी होती.

चालक ज्याला नकार देतो त्या धोक्याचे शास्त्र आता थोडे तपशिलाने पाहू. कारण चालकाचा नकार हा आळस किंवा लहर आहे अशी जी समजूत गादीवर बसलेल्या मंडळींत आढळते, तिला खरे उत्तर पदार्थविज्ञानच देऊ शकते. २०१८ साली केंद्र सरकारने वाहनांची वजनमर्यादा वाढविली, तेव्हापासून दोन आसांच्या मालमोटारीस वाहन व माल मिळून साडेअठरा टनांची आणि तीन आसांच्या मालमोटारीस साडेअठ्ठावीस टनांची परवानगी आहे. अशी साडेअठ्ठावीस टनांची गाडी बुलढाण्याच्या पठारावरून राजूर घाट उतरून मलकापूरकडे येत असता प्रत्येक शंभर मीटर उंची उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे ऐंशी लिटर थंड पाणी उकळीला आणण्यास पुरेशी असते. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सारी ऊर्जा कोठेतरी जिरविली पाहिजे. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा हिस्सा इंजिन पेलते, आणि उरलेला ब्रेकचे ड्रम व लायनर यांच्यात उष्णतेच्या रूपाने जातो. याच गाडीचे मालासह वजन कागदोपत्री साडेअठ्ठावीस आणि प्रत्यक्षात चाळीस टन असेल, तर तितक्याच उतारावर ती उष्णता चाळीस टक्क्यांहून अधिक वाढते, ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटत जाते, आणि पायाखालचे पेडल नेहमीसारखे दाबले जात असूनही गाडी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी बातमीत 'ब्रेक निकामी झाल्याने' असे शब्द छापून येतात. अशा अनेक प्रसंगी ब्रेकमध्ये दोष मुळीच नसतो. ज्या वजनासाठी तो घडविला त्याहून अधिक वजन कोणीतरी त्याच्यावर लादलेले असते, आणि त्या कोणाचे नाव बातमीत नसते.

हा विनाश केवळ एका गाडीपुरता मर्यादित राहत नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑटवा या गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून व त्यांवरून दोन वर्षे मालमोटारी फिरवून जे प्रयोग करण्यात आले, त्यांतून असे निष्पन्न झाले की, आसावरील भार वाढला म्हणजे रस्त्याची झीज त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे आसावर वीस टक्के अधिक भार टाकला तर रस्त्याचे नुकसान वीस टक्क्यांनी न वाढता दुपटीहून थोडे अधिक होते. पावसाळ्यानंतर महामार्गावर पडणाऱ्या चाकोऱ्यांत आणि खड्ड्यांत दुचाकीस्वार जेव्हा पडतात, तेव्हा त्या खड्ड्याचा हिशेब कुठल्यातरी जादा टनांच्या भाड्याशी जाऊन मिळतो.

मलकापूरच्या परिसरात आणखी एका ओझ्याचा विचार केला पाहिजे, आणि तो कापसाचा. रुईची दाबलेली गाठ सुमारे एकशे सत्तर किलोंची असते आणि तिच्याबाबत प्रश्न वजनाचा असतो. पण जिनिंगकडे येणारा सुटा कापूस वजनाला हलका, आकारमानाला अवाढव्य. तो हौद्याच्या बाहेर दोन्ही बाजूंनी फुगवून आणि वर रचून, ताडपत्री व रश्शांनी आवळून आणला जातो, तेव्हा काटा निर्दोष आकडा दाखवितो, पण आरशात मागचे काही दिसत नाही, समोरून येणाऱ्याला रस्ता उरत नाही, वरून विजेच्या तारा घासतात, आणि एखादी ठिणगी आत शिरली तर ती तासन्‌तास धुमसत राहून मग एकाएकी पेट घेते. बाहेर फुगलेल्या मालाबद्दल मोटार वाहन कायद्यात वेगळा दंड सांगितला आहे तो याचकरिता. कापसाच्या हंगामात अशी गाडी रात्री नेण्यास जो चालक नकार देतो, त्याला भित्रा म्हणणाऱ्याने एकदा तिच्या शेजारून दुचाकी चालवून पाहावी.

तिसरा धोका चालकाच्या देहातच असतो. १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात डॉसन व रीड या दोघा संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, सतत सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या कायद्याने चालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, ठेवली आहे. तेव्हा पहाटे उठून गाडी भरून घेतलेला, दुपारभर काट्यावर आणि नाक्यावर ताटकळलेला आणि मध्यरात्री अद्याप सुकाणूवर असलेला चालक थेंबभरही मद्य न घेता कायद्याने निषिद्ध मानलेल्या अवस्थेच्या पलीकडे गेलेला असतो. मद्यप्यास गाडी चालवू नको म्हणून सांगणारे आपण सारे जण, जागरणाने तशाच अवस्थेत पोहोचलेल्या चालकास मात्र 'चहा घे आणि नीघ' असे सांगतो. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असावेत आणि दुसऱ्यास आडवे होण्याइतकी जागा केबिनमध्ये असावी असा नियम पूर्वी होता. त्यातील दोन चालकांची सक्ती २०१८ साली काढून टाकण्यात आली. माझ्या मते ती चूक होती.

मग इतके सारे ठाऊक असूनही चालक नकार का देत नाही? वस्तुतः तो देऊ पाहतो, पण या व्यवसायाची मांडणीच अशी आहे की नकाराचा संपूर्ण खर्च त्याच्या एकट्याच्या शिरावर पडावा. व्यापारी भाडे टनावर ठरवितो, म्हणून प्रत्येक जादा टन त्याला दराची सवलत मिळवून देतो. ट्रान्सपोर्टचा दलाल गाडी लावून देण्याबद्दल आपली दलाली घेतो आणि माल हलला की मोकळा होतो. मालकही बहुधा मोठा धनिक नसतो. एकदोन गाड्या, त्यांचे हप्ते, विमा आणि टायरांचा खर्च यांच्या ओझ्याखाली तोही वाकलेला असतो. या उतरंडीच्या तळाशी चालक, ज्याची मजुरी पुष्कळदा खेपेवर आणि भत्त्यावर अवलंबून असते, ज्याने घरातील लग्नासाठी किंवा दुखण्यासाठी मालकाकडून उचल घेतलेली असते, आणि ज्याला 'तू नाही तर दुसरा' हे वाक्य कोणी उच्चारण्यापूर्वीच ऐकू येते. केळीसारखा नाशवंत माल असेल तर उशिराची नुकसानी भाड्यातून कापण्याची धमकी वेगळी. अशा माणसाने नकार दिला तर त्या दिवसाचा भत्ता बुडतो आणि पुढच्या खेपेचे बोलावणे येईलच याची शाश्वती राहत नाही. नकार न देता तो गेला आणि सुखरूप पोहोचला, तर त्याचे जाणेच उद्याच्या ओझ्याचे माप ठरते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे मर्यादेबाहेरचे वजन घेऊन गाडी चालविणे हा जसा गुन्हा आहे, तसाच ती चालविण्यास लावणे किंवा चालवू देणे हाही गुन्हा आहे. त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात एक अतिशय महत्त्वाची तरतूद आहे, आणि तिची माहिती महामार्गावरील प्रत्येक ढाब्यावर असायला हवी असे मला मनापासून वाटते: गाडी चालविणारा जर तिचा मालक नसेल, तर हा गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा त्याच्या हुकमाने घडला असे न्यायालयाला गृहीत धरता येते. कलम १९४ खाली जादा वजनाबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये असा दंड आहे. जादा माल उतरविल्याखेरीज गाडी पुढे जाऊ देता कामा नये, दंड भरून तेच ओझे पुढे नेता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन यांच्या खटल्यात नोव्हेंबर २००५ मध्येच स्पष्ट केले. नादुरुस्त गाडीबाबतचे कलम १९० आणि वेगाबाबतचे कलम १८३ यांतही हाताखालच्या माणसास तसे करायला लावणाऱ्यावर जबाबदारी ठेवलेली आहे. तात्पर्य, असुरक्षित गाडी न्यायची नाही हे चालकाचे कर्तव्य कायद्याने ठरविले, आणि त्याला ती न्यायला लावणारा अपराधी आहे हेही ठरविले.

परंतु या दोहोंच्या मधली जागा रिकामी राहिली. कर्तव्य पाळणाऱ्या चालकाला कामावरून काढले, तर त्याने दाद कोठे मागावी? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, लांबच्या वाटेवर अनुक्रमे दहा आणि चोपन्न, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, असे सुज्ञ नियम घालून दिले होते. पण तो लागू होता तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांस. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्या कलम १४ ने कामगारास एक मोलाची गोष्ट दिली आहे: प्राणावर किंवा शरीरावर तत्काळ गंभीर संकट येण्याची वाजवी भीती वाटल्यास ती मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणून देण्याचा अधिकार. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात जी तरतूद घातली गेली तिचाच हा विस्तार होय. मात्र हा इशारा देण्याचा अधिकार आहे. इशारा देऊन गाडीतून खाली उतरण्याचा आणि तरीही नोकरीवर राहण्याचा अधिकार त्यात शब्दशः दिलेला नाही. शिवाय ही संहिता साधारणतः दहा कामगारांची मर्यादा धरते. दोन गाड्यांचा मालक आणि त्याचे दोन चालक, म्हणजे मलकापूरसारख्या गावातील वाहतुकीचे नेहमीचे चित्र, या साऱ्या रचनेच्या बाहेरच उभे राहते.

अमेरिकेत हा प्रश्न १९८२ च्या एका कायद्याने हाताळला. सुरक्षेचा नियम मोडणारी किंवा स्वतःस वा इतरांस गंभीर इजा होण्याची वाजवी भीती असलेली गाडी चालविण्यास नकार देणाऱ्या चालकास शिक्षा करता येत नाही, असे तो कायदा सांगतो. त्याची कसोटी पाहणारा एक खटला प्रसिद्ध आहे. जानेवारी २००९ मधील गोठविणाऱ्या रात्री इलिनॉय राज्यात अल्फॉन्स मॅडिन या चालकाच्या ट्रेलरचे ब्रेक थंडीने जखडले, केबिनमधील उबेचे यंत्र बंद पडले, आणि मदतीची वाट पाहता पाहता त्याचे पाय बधिर झाले. वरिष्ठांनी त्याला दूरध्वनीवरून सांगितले की एकतर ब्रेक जखडलेला ट्रेलर ओढीत ने, नाहीतर तेथेच थांब. त्याने ट्रेलर सोडविला आणि केवळ पुढची गाडी घेऊन उबेच्या शोधात निघून गेला. कंपनीने त्याला बडतर्फ केले. प्रकरण वर्षानुवर्षे चालून २०१६ साली तेथील दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने चालकाच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी तेथे आणखी एक नियम अमलात आला. त्यान्वये मालकाबरोबरच माल पाठविणारा, माल घेणारा आणि मधला दलाल यांपैकी कोणीही चालकावर नियम मोडण्यासाठी दडपण आणले तर तो स्वतंत्र अपराध ठरतो. ऑस्ट्रेलियाच्या जड वाहनांच्या कायद्यातही माल भरणाऱ्यापासून तो उतरवून घेणाऱ्यापर्यंत सर्वांना जबाबदारीच्या एकाच साखळीत ओवलेले आहे. मला स्वतःला या साऱ्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती हीच की, गिऱ्हाईक कायद्याच्या कक्षेत आले. कारण मलकापूरच्या चालकावरील दडपणाचा उगम शोधीत गेले, तर तो मालकाच्या पलीकडे, कोठल्यातरी दूरच्या शहरातल्या माल मागविणाऱ्याच्या घाईत सापडतो.

आपल्याकडे चालक एकत्र येऊन थांबले असा अलीकडचा मोठा प्रसंग जानेवारी २०२४ च्या आरंभीचा. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रासह अनेक राज्यांत चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या. २ जानेवारी रोजी केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलणी केली, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम स्थगित ठेवण्यात आले. जखमीला रस्त्यावर टाकून पळण्याचे समर्थन कोणी करू नये, मीही करीत नाही. तथापि त्या चालकांच्या संतापाच्या मुळाशी एक रास्त तक्रार होती: गाडी भरताना, वेळ ठरविताना आणि टायर बदलणे लांबणीवर टाकताना चालकाचा शब्द विचारात घेतला जात नाही, आणि परिणाम भोगण्याची वेळ आली म्हणजे सबंध जबाबदारी त्याच्या एकट्याच्या नावावर मांडली जाते.

एकट्याचा नकार टिकत नाही, संघटित नकाराचा मात्र पुढे नियम होतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात उभारलेली हमाल पंचायत आणि अण्णासाहेब पाटील यांची माथाडी चळवळ यांनी ओझे वाहणाऱ्या माणसाला प्रथम माणूस म्हणून उभे केले, आणि त्याच प्रयत्नांतून १९६९ चा माथाडी कायदा आला. शंभर किलोंचे पोते पाठीवर घेणार नाही, पन्नासाचे घेऊ, हा हमालांचा आग्रह आरंभी व्यापाऱ्यांना उद्दामपणाचा वाटला होता. आज पन्नास किलोंचे पोते सर्वत्र रूढ आहे आणि त्यामुळे कोणाचा व्यापार बुडाल्याचे दिसत नाही. जो मनुष्य गाडी भरतो त्याच्या पाठीची मर्यादा आपण मान्य केली. जो ती चालवितो त्याच्या डोळ्यांची आणि गाडीच्या ब्रेकची मर्यादा मान्य करणे हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मलकापूरच्या वाहतूकदारांनी, जिनिंगच्या मालकांनी आणि बाजार समितीच्या अडत्यांनी मनात आणले तर तीन गोष्टी त्यांना येत्या कापसाच्या हंगामापासून करता येतील. गाडी गाव सोडण्यापूर्वी काट्याची पावती बिल्टीला जोडावी आणि तिच्यावर माल भरणाऱ्याची सही घ्यावी. चालकाने वजन, टायर, ब्रेक किंवा झोप यांपैकी कोणतेही कारण सांगून गाडी नेण्यास नकार दिला, तर ते कारण वहीत लिहून घ्यावे आणि त्याच स्थितीत ती गाडी दुसऱ्या चालकाच्या हाती देऊ नये. आणि त्या दिवसाचा त्याचा भत्ता कापू नये. तो खर्च टायर आणि डिझेल यांच्यासारखाच वाहतुकीचा खर्च म्हणून भाड्यात धरावा. वाचकांपैकी जे माल मागवितात त्यांना एवढेच सांगणे आहे की, गाडी उशिरा येणार असे कळल्यावर चालकाला दुसरा दूरध्वनी करू नये.